इंदूरची चावी: सुमित्रा महाजन यांच्या आठ विजयांची पार्श्वभूमी

सुमित्रा महाजन 1989 ते 2019 अशी सलग तीस वर्षे लोकसभेत इंदूरच्या खासदार होत्या. मराठी माणसाला याचे कौतुक वाटते ते स्वाभाविक आहे. परंतु रामबाग, नारायण बाग किंवा राजेंद्रनगर येथील मराठी घरांच्या मतांवर हे घडले असा आपल्याकडे जो समज आहे, तो मतदारसंघाकडे पाहिल्यावर टिकत नाही. देपालपूर आणि सांवेरसारखा ग्रामीण भागही ज्यात येतो, अशा या मतदारसंघात मराठी भाषक अल्पसंख्यच आहेत.

त्यांच्या आधीचे इंदूर निराळे होते. कापड गिरण्यांच्या या शहराने 1962 मध्ये कामगार नेते होमी दाजी यांना दिल्लीला पाठवले होते. पुढे प्रकाशचंद्र सेठी यांचा काळ आला. ते राज्याचे मुख्यमंत्री आणि नंतर केंद्रात गृहमंत्री झाले, आणि 1977 मधील जनता पक्षाच्या यशाचा अपवाद वगळता दीर्घकाळ ही जागा काँग्रेसचीच मानली जात होती.

चिपळूणच्या साठ्यांची ही मुलगी 1965 मध्ये वकील जयंत महाजन यांच्याशी विवाह करून इंदुरात आली. एम.ए. आणि एलएल.बी. तिने येथेच केले. 1982 मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या आणि पुढे उपमहापौर झाल्या. 1985 ची विधानसभा निवडणूक मात्र त्या हरल्या. नगरसेवकपदाच्या त्या वर्षांचे महत्त्व पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. नळाचे पाणी आणि तुंबलेली गटारे यांच्या तक्रारी ऐकताना उमेदवाराला गल्लीगल्लीतली माणसे नावानिशी ठाऊक होतात, आणि ही ओळख भाषणांनी मिळत नाही.

1989 मध्ये भाजपने त्यांना थेट सेठी यांच्यासमोर उभे केले. शहराची चावी आता सुनेच्या हाती द्यावी, असे त्यांनी सेठींना म्हटल्याची आठवण इंदुरात अजून सांगतात. सासरी आलेल्या बाईने घरच्या वडीलधाऱ्याकडे किल्ल्या मागाव्यात, हे रूपक मराठी घरात जितके कळते तितकेच माळव्यातही कळते. एक लाखाहून अधिक मतांनी त्या जिंकल्या.

त्या वेळी मध्य प्रदेशातल्या 40 पैकी 27 जागा भाजपने मिळवल्या होत्या, तेव्हा हा विजय लाटेचा म्हणता येईल. पण 1991 मध्ये राज्यातल्या जागा 12 वर आल्या तरी इंदूर हातचे गेले नाही. 1996, 1998, 1999 आणि 2004 अशा निवडणुका त्या जिंकत गेल्या. त्याच काळात, 1991 च्या अखेरीस, हुकुमचंद मिल बंद पडली आणि गिरणगावाचे राजकारण ओसरत गेले. वाजपेयी मंत्रिमंडळात त्या राज्यमंत्री होत्या.

इंदुरात त्यांना ‘ताई’ म्हणतात, त्या संबोधनाबद्दल थोडे विषयांतर करतो. आपण मोठ्या बहिणीला ताई म्हणतो, हिंदीत मात्र ताई म्हणजे ताऊंची पत्नी, थोरली काकू. एकच शब्द मराठी घरात बहीण होऊन गेला आणि शेजारच्या हिंदी घरात काकू होऊन. परकेपणा दोन्हीकडे उरला नाही. पुढे इंदूरचेच भाजप नेते कैलाश विजयवर्गीय यांच्या समर्थकांशी असलेली स्पर्धासुद्धा ‘ताई विरुद्ध भाई’ अशा नात्याच्याच भाषेत बोलली गेली.

2009 मध्ये काँग्रेसचे सत्यनारायण पटेल यांनी त्यांना जेरीस आणले आणि मताधिक्य 11,480 वर घसरले. पाच वर्षांनी याच पटेलांवर त्यांनी 4,66,901 मतांनी मात केली. माझ्या मते पहिला आकडा अधिक बोलका आहे: दुसऱ्यात मोदींच्या नावाची लाट मिसळलेली आहे, तर 2009 मध्ये राज्यातल्या 29 पैकी 12 जागा काँग्रेसकडे गेल्या असताना ही जागा राखली गेली. 6 जून 2014 रोजी त्या लोकसभेच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवडल्या गेल्या. मीरा कुमार यांच्यानंतर त्या पदावरच्या त्या दुसऱ्या महिला.

2019 मध्ये इंदूरच्या उमेदवारीचा निर्णय पक्ष लांबवत राहिला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट न देण्याची चर्चा होतीच. 5 एप्रिलला त्यांनी पत्र काढून आपण निवडणूक लढवणार नाही, पक्षाने निःसंकोच निर्णय घ्यावा, असे कळवले. उमेदवारी शंकर लालवानी यांना मिळाली आणि ते पाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले, म्हणजे ताईंच्या सर्वांत मोठ्या मताधिक्यापेक्षाही जास्त मतांनी.