फोडणीचा ठसका आणि तेलाचा धूर

ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या की घरभर खोकला सुरू होतो. खिडक्या उघडल्या जातात, पंखा लागतो, आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडतं. दिवाळीत चकल्यांचे घाण्यावर घाणे निघतात तेव्हा मात्र कोणाची तक्रार नसते, कारण वास खमंग असतो. खरं तर खिडकी उघडायची जास्त गरज तेव्हाच असते.

ठसका लागतो मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे. ते हवेत उडून घशातल्या आणि श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंना चेतवतं. हे तंतू एरवी भाजल्याची जाणीव देतात. म्हणून खोकला, शिंका, डोळ्यांना पाणी. हवा मोकळी झाली की बहुतेकांचं थोड्या वेळात थांबतं. घरात दमेकरी असेल तर मात्र हे हसण्यावारी नेऊ नये, त्याला यानेही धाप लागू शकते.

तेल फार तापलं की कढईवर निळसर धूर दिसतो. त्यात अ‍ॅक्रोलिन असतं (डोळे चुरचुरतात ते बरंचसं त्यानेच), शिवाय फुप्फुसांत खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण आणि कर्करोगाशी संबंध असलेली काही रसायनं. तळणाचं तेल पुन्हा वापरलं तर ते आधीपेक्षा लवकर धुरावतं. आणि हा धूर थोडा असला तर खोकलाही येत नाही, हीच पंचाईत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० च्या अहवालात प्रखर आचेवर तळताना निघणाऱ्या धुराला '२ए' गटात, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. त्यामागचे अभ्यास मुख्यतः चीन आणि तैवानमधले, त्यातही सिगारेट न ओढणाऱ्या बायकांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावरचे. तिकडे तेल कडकडीत तापवून परतायची पद्धत आहे. तेव्हा एका चकलीच्या घाण्याने घाबरून जाऊ नका. पुरावा किती भक्कम, एवढंच हा गट सांगतो; धोका किती मोठा, ते त्यातून कळत नाही. लाल मांसही याच गटात आहे. वर्षानुवर्षे रोज कोंदट स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी.

तिच्यासाठी एक्झॉस्ट फॅन कढई चढवण्याआधी लावा आणि तळण संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. तेल धुरावायला लागलं तर आच लगेच कमी करा. चिमणी घेताना तिचा पाइप घराबाहेर जातो ना, ते बघा. बिनपाइपची चिमणी तेलकटपणा अडवते, पण हवा परत खोलीतच सोडते.