हेडर आणि स्टार्टर यांच्यामधली बोटभर जागा

जुन्या जीपमध्ये दुसरे इंजिन बसवायला घेतले, की बहुतेक वेळा पहिली अडचण हेडरची येते. सिलिंडरमधला जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या या नळ्या ज्या गाडीसाठी वळवलेल्या असतात, तिच्यात त्या चपखल बसतात. दुसऱ्या गाडीत मात्र एखादी नळी स्टार्टरला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरीला, खेटते, तर एखादी स्टीअरिंगच्या दांड्याला. गोव्यात फोंड्यापासून म्हापशापर्यंत कोणत्याही गॅरेजमध्ये विचारले, तरी नळी गॅसच्या ज्योतीवर लाल करून हातोड्याने आत दाबण्याचा उपाय सुचवला जाईल. तो मुळात चुकीचा नाही; पण नळी कुठे आणि किती दाबायची, हे आधी नीट ठरवावे लागते.

गाडी थंड आणि उभी असताना मोजलेली फट खरी नसते. साध्या पोलादाची अर्धा मीटर लांबीची नळी ६०० अंश सेल्सिअसने तापली, तर ती साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबते आणि स्टेनलेस स्टीलची नळी सुमारे पाच मिलिमीटर. शिवाय इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेले असते. चोर्ला घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, की क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला अख्खे इंजिन कलते आणि त्याच्याबरोबर हेडरही सरकतो. म्हणून थंड इंजिनाच्या वेळी संशयास्पद जागी, मूर्तिकार वापरतात तसल्या चिकणमातीचा गोळा चिकटवावा, इंजिन सुरू करून ब्रेक दाबलेला ठेवून क्लच किंचित सोडावा आणि लगेच इंजिन बंद करून दबलेल्या मातीची जाडी मोजावी. नळी तापल्यावर होणारी वाढ त्यातून वजा केली, की उरते ती खरी फट. धातूपासून धातू निदान दहा-बारा मिलिमीटर दूर असावा, असे मला वाटते. रबर, वायर आणि ब्रेकची नळी यांना त्याच्या कितीतरी पट जागा हवी.

याचे कारण केवळ स्पर्श नव्हे. तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसला शून्य धरून मोजलेल्या) चौथ्या घाताप्रमाणे वाढते, हा नियम भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडला. त्यानुसार ३०० अंशांवरची नळी ६०० अंशांवर गेली, की तिचे उत्सर्जन दुप्पट नव्हे, तर पाच पटींहून अधिक होते. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. त्यामुळे घाट चढून थांबलेल्या गाडीत, वारा बंद झाल्यावर, शंभर अंशांनी जास्त तापलेल्या स्टार्टरच्या तारांचा रोध जवळजवळ ४० टक्के वाढलेला असतो आणि स्टार्टर इंजिन फिरवायला कुरकुरतो. ब्रेकच्या नळीचा धोका याहून गंभीर आहे. डॉट-३ प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान २०५ अंशांना उकळते, पण हवेतला दमटपणा शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि गोव्याच्या हवेत दमटपणाला कमी नाही.

आता दाबण्याकडे वळू. नळी चपटी केली, तरी तिचा परीघ तेवढाच राहतो, आणि दिलेल्या परिघात सर्वांत जास्त क्षेत्रफळ वर्तुळाचे असते. म्हणून कोणत्याही दाबण्यात वायूची वाट थोडी अरुंद होतेच. पण किती? ४२ मिलिमीटर व्यासाची नळी सफाईने लंबगोल करून ३६ मिलिमीटरपर्यंत आणली, तर क्षेत्रफळ तीन टक्क्यांहूनही कमी घटते. तीच २८ मिलिमीटरपर्यंत चेपली, तर चौदा टक्के. थोड्या दाबण्याची किंमत नगण्य आहे आणि ती पुढे झपाट्याने वाढते. मिस्त्रीचा खरा हात इथे दिसतो. टोकदार हातोड्याने पाडलेला खड्डा तेवढीच फट देतो, पण आतल्या वायूच्या लाटा अशा अचानक आलेल्या अडथळ्यावर आदळून काही अंशी परततात आणि धातूही त्या कडेवर पातळ होतो. म्हणून लांबट भाग लाल करून, गोल पृष्ठाच्या ठोकणीने हळूहळू लंबगोल करणे योग्य. या वेळी फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनाला जोडणारी पट्टी, जाड पाटीला बोल्टने घट्ट आवळलेला असावा, नाहीतर तो वाकतो आणि मग कोणतेही गॅस्केट टिकत नाही.

सहा-आठ मिलिमीटरपेक्षा जास्त जागा हवी असेल, तर ठोकण्याचा नाद सोडून नळी कापावी आणि नवा बाक वेल्ड करावा. स्टेनलेस असेल, तर वेल्डिंग करताना नळीच्या आतही आर्गॉन वायू सोडावा लागतो. अन्यथा आतला सांधा जळून खरबरीत होतो. वाळू भरून नळी वाकवायची असेल, तर वाळू पूर्ण कोरडी हवी, कारण अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन टोकाची बुचे उडतात. आणि ती किनाऱ्यावरची तर नकोच, कारण मागे राहिलेले मीठ पोलाद पोखरते.

मीठ आणि पाऊस यांमुळेच हेडरला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचा पर्याय मी इथे सुचवत नाही. पट्टी पावसाचे पाणी धरून ठेवते आणि तिच्याआड नळी गंजत राहते. त्यापेक्षा नळी आणि स्टार्टर यांच्यामध्ये, दोन्हींपासून थोडा सुटा, चकचकीत ॲल्युमिनिअमचा पत्रा बसवावा: तो बहुतांश किरणोत्सर्ग परत फेकतो आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळती राहते. पहिला घाट चढून आल्यावर, इंजिन निवले की, बॅटरीच्या उजेडात हेडर, स्टार्टर आणि चेसिस पाहावे. कुठे घासल्याची चकाकती खूण दिसली, तर फट अजून अपुरी आहे आणि नळी पुन्हा उतरवावी लागेल.