खोटा गजर (अँटीव्हायरस)

निरुपद्रवी फाइलला अँटीव्हायरसने घातक ठरवणे म्हणजे खोटा गजर. बोलण्यात सगळे 'फॉल्स पॉझिटिव्ह'च म्हणतात. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार.

अँटीव्हायरस आधी माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणा जुळतात का ते पाहतो. त्या जुळल्या नाहीत तर फाइलची बांधणी आणि वागणूक पाहून अंदाज बांधतो. घोळ बहुधा अंदाजात होतो. मुंबईत गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांकडे असतात तशी मराठी टायपिंगची छोटी साधने घ्या. इंग्रजी कीबोर्डवर 'के' दाबल्यावर पडद्यावर 'क' उमटवायचा, तर दाबलेली प्रत्येक कळ त्या प्रोग्रामला वाटेतच अडवावी लागते. पासवर्ड चोरणारा की-लॉगरही कळांवर असाच डोळा ठेवतो. त्यातून साधन ऑटोहॉटकी या स्क्रिप्ट भाषेत लिहून एक्झी (थेट चालणारी फाइल) केलेले, यूपीएक्स या प्रोग्रामने आवळून लहान केलेले आणि कर्त्याची ओळख पटवणारी डिजिटल सही नसलेले असले, की संशय पक्काच. विंडोजमध्येच मिळणाऱ्या इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डला हा ताप नाही. तो मुळात कीबोर्ड लेआउटच आहे, म्हणजे कोणत्या कळेला कोणते अक्षर हे विंडोजच पाहते, कळा वाटेत अडवाव्या लागत नाहीत.

मोठ्या कंपन्याही यात चुकल्या आहेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची, तिला चालायला लागणारी 'एसव्हीसीहोस्ट' फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर अनेक संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफॉसने तर आपलाच अपडेटर पकडला.

गजर वाजला की फाइल डिलीट करू नये, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसच्या कोठडीत, राहू द्यावी. तिथून ती परत आणता येते. मग ती आली कुठून ते पाहावे. मूळ साइटवर हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) दिला असेल तर तो ताडून घ्यावा. व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर कित्येक अँटीव्हायरस इंजिनांचे मत एकदम मिळते. साठ-सत्तरांपैकी दोघा-तिघांनीच आक्षेप घेतला आणि व्हायरसला दिलेल्या नावात 'जेनेरिक' (सर्वसाधारण), 'ह्युर' (ह्युरिस्टिक, म्हणजे अंदाजाने) असे मोघम शब्द असले, तर अंदाज चुकल्याची शक्यता बरीच. पुरावा मात्र नव्हे, कारण अगदी नवा व्हायरसही सुरुवातीला थोड्यांनाच ओळखू येतो. व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल इतर कंपन्यांच्या हाती जाते. म्हणून अशिलाचे कागद किंवा पगारपत्रक असलेली एक्सेल मॅक्रो फाइल (जिच्या आत छोटे प्रोग्राम असतात) चढवू नये, नुसता हॅश शोधावा.

"अँटीव्हायरस बंद करून टाका" हा दुरुस्तीवाल्यांचा ठेवणीतला सल्ला. उंदराला भिऊन घराचे दारच काढून टाकण्यासारखा. खात्री पटल्यावर तेवढ्याच फाइलला सूट द्यावी. अख्ख्या डाउनलोड फोल्डरला दिलेली सूट उद्या खऱ्या चोरालाही मिळते. सोबत अँटीव्हायरस कंपनीकडे फाइल तपासणीसाठी पाठवावी. चूक मान्य झाली तर पुढच्या अपडेटमध्ये गजर थांबतो आणि सूट काढून घेता येते. पण साधनाच्या कर्त्याने एखादे जोडाक्षर सुधारून नवी आवृत्ती काढली की हॅश बदलतो, आणि जुन्या फाइलला मिळालेली माफी नवीला लागू पडेलच असे नाही.