वरिष्ठ आणि निवडश्रेणी प्रशिक्षण: प्रमाणपत्र मिळाल्यावरही प्रस्ताव परत का येतो?

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही केंद्र शिक्षण परिषदेत, म्हणजे जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या एकत्र बैठकीत, बारा-तेरा वर्षे सेवा झालेले दोन शिक्षक शेजारी बसले की एक प्रश्न हमखास निघतो, "तुमची चटोपाध्याय लागली का?" म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणी मिळाली का. पुष्कळदा उत्तर येते, "प्रशिक्षण झालंय, प्रमाणपत्र आलंय, पण अजून लागली नाही." मी केंद्रप्रमुख असताना हे प्रस्ताव माझ्या टेबलावरून पुढे जायचे आणि त्यांतले बरेच त्रुटी लागून परत यायचे. परत आलेला प्रस्ताव घेऊन दारात उभे राहिलेले गुरुजी आणि बाई अजून डोळ्यांपुढे आहेत. त्यांचा शिकवण्यात दोष नव्हता, सेवेत खंड नव्हता. कमी असायचा तो एखादाच कागद, आणि तो लागतो हे त्यांना वेळेवर कुणी सांगितलेले नसायचे.

आधी मूळ गोष्ट. प्रा. डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शिक्षक आयोगानंतर राज्याने २ सप्टेंबर १९८९ च्या शासन निर्णयाने शिक्षकांना दोन वरच्या वेतनश्रेणी दिल्या. १२ वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी. दोन्हींसाठी सेवांतर्गत प्रशिक्षणाची अट आहे. २० जुलै २०२१ च्या शासन निर्णयाने हे प्रशिक्षण पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आले. २०२२ च्या जूनमध्ये ते ऑनलाइन झाले, २०२५ मध्ये २ ते १२ जून असे समोरासमोर झाले. दोन्ही वेळा नोंदणी शुल्क २,००० रुपये होते.

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र म्हणजे वेतनश्रेणी नव्हे, हे सगळ्यात आधी मनाशी पक्के करा. प्रशिक्षण ही पात्रतेची एक अट आहे. वेतनश्रेणी मिळते ती स्वतंत्र प्रस्तावाला मंजुरी मिळाल्यावर. जिल्हा परिषदेच्या शाळेतला प्रस्ताव केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांच्याकडे जातो. खासगी अनुदानित माध्यमिक शाळेचा प्रस्ताव संस्था आणि मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे जातो. प्रमाणपत्र मिळाले म्हणून पुढच्या महिन्याच्या पगाराची वाट बघत बसलेले, आणि प्रस्ताव सादरच न केलेले शिक्षक मला अनेक भेटले. कार्यालय आपण होऊन काही करत नाही. करायला हवे, पण करत नाही.

नोंदणी करताना

नोंदणी ऑनलाइन असते आणि दहा मिनिटांत होते. घाई होते ती इथेच. प्रशिक्षणाचा प्रकार वरिष्ठ की निवड, आणि गट प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक की अध्यापक विद्यालय, या दोन रकान्यांत सगळ्यात जास्त चुका होतात. एका शिक्षकाची २४ वर्षे व्हायला सहा महिने बाकी होते, वरिष्ठ श्रेणी मात्र कधीच लागलेली नव्हती. त्यांनी "आता निवडच होईल" म्हणून निवड प्रकार भरला. वरिष्ठ लागल्याशिवाय निवड लागत नाही. पैसे गेले, उन्हाळा गेला. शुल्क एकदा भरले की परत मिळेल असे धरून चालू नका.

हायस्कूलमध्ये पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्यांचा गटाबाबत नेहमी गोंधळ होतो. मान्यतेतले पद एक आणि प्रत्यक्ष वर्ग दुसरे, अशी स्थिती असेल तर नोंदणीआधी मुख्याध्यापकांमार्फत लेखी विचारणा करा आणि उत्तराची प्रत जपून ठेवा. फोनवर "काही होत नाही, भरा" म्हणणारा माणूस पुढे सापडत नाही.

ईमेल स्वतःचा द्या. नेट कॅफेवाल्याचा किंवा शाळेतल्या तरुण सहकाऱ्याचा देऊ नका. २०२२ च्या ऑनलाइन प्रशिक्षणात लॉगिनचा निरोप ईमेलवरच येत होता, आणि चुकीच्या पत्त्यामुळे कितीतरी लोक शेवटपर्यंत आत जाऊ शकले नाहीत.

आणि नाव! सोलापुरात हा प्रश्न इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त नडतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, शहरात तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या आहेत. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहिण्याची रीत, कन्नड नावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे, लग्नानंतर बाईंचे नाव आधारवर बदललेले पण सेवापुस्तकात माहेरचेच. नोंदणीत शालार्थमध्ये, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत, आहे तेच नाव टाका. शालार्थ आणि सेवापुस्तकातच फरक असेल तर आधी तो मिटवा, कारण प्रमाणपत्रावर नोंदणीतले नाव छापून येते आणि पुढे प्रस्ताव तपासणारा लिपिक तेच नाव सेवापुस्तकाशी ताडून बघतो. विवाहित बाईंनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र प्रस्तावाला जोडावेच.

दीक्षा ॲपवरच्या निष्ठा या ऑनलाइन शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे या प्रशिक्षणाऐवजी चालत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने दरवर्षी ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, ती प्रमाणपत्रे त्या हिशेबातली. ती मिळवाच, पण दोन्हींची गल्लत करू नका.

प्रशिक्षणाचे दिवस

समोरासमोरच्या प्रशिक्षणात पूर्ण हजेरी लागते. २०२५ चे प्रशिक्षण संपले तेव्हा शाळा उघडायला चार दिवस राहिले होते. करमाळा किंवा मंगळवेढ्याच्या वस्तीवरून रोज येऊन-जाऊन करणाऱ्यांचे हाल झाले. लग्नकार्य, लहान मूल, आजारी सासू, सगळे मान्य आहे. तरी "एक दिवस चालून जाईल" असे समजू नका. तो एक दिवस तुम्हाला पुढच्या फेरीपर्यंत थांबवू शकतो, आणि ती कधी निघेल ते कुणाच्या हातात नसते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था वेळापूरला आहे. अक्कलकोटच्या टोकाहून तिथे जायचे म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडायचा, त्यामुळे प्रशिक्षणाचे केंद्र कुठे मिळाले हे यादीत वेळेवर बघून राहण्याची सोय आधीच करा.

प्रशिक्षण नुसते उरकायचे म्हणून करू नका, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. एरवी दोन शिक्षकी शाळेतला माणूस वर्षभर आपल्याच चार भिंतींत असतो. इथे कन्नड माध्यमाच्या बाई आणि मराठी माध्यमाचे गुरुजी एका बाकावर बसून पहिलीचे वाचन कसे घेता यावर बोलतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला आणि २०२० साली १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तो प्रयोग आपल्याच जिल्ह्यातल्या एका लहान शाळेतला आहे. स्वाध्याय लिहिताना दुसऱ्याची पीडीएफ उतरवण्यापेक्षा आपल्या वर्गातले जे चालले, जे फसले, ते लिहा. शेजारच्या बाकावरच्या शिक्षकाचा फोन नंबर घ्या. पुढे केंद्र शिक्षण परिषदेत मांडायला तेच उपयोगी पडते.

प्रस्ताव जिथे अडतो

नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, शैक्षणिक पात्रतेची प्रमाणपत्रे, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला, खासगी शाळेत वैयक्तिक मान्यता. हे सगळ्यांकडे असते, एका फाइलमध्ये लावले की झाले. अडते ते पुढच्या कागदांवर.

शिक्षणसेवक म्हणून लागलेल्यांनी दोन आदेश जोडावेत. पहिला मानधनावरच्या नेमणुकीचा आणि दुसरा तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणीत घेतल्याचा. दुसरा आदेश बहुतेकांकडे नसतो, कारण तेव्हा तो सामूहिक यादीच्या रूपात निघाला आणि प्रत कुणी मागितलीच नाही. पंचायत समितीत जाऊन आवक-जावक नोंदवहीवरून तो शोधावा लागतो. हे काम प्रशिक्षणाच्या आधी करा, नंतर नाही.

ज्यांनी आधी नोकरी आणि मग डी. एड. केले, उदाहरणार्थ अनुकंपा तत्त्वावर लागलेले, त्यांची १२ वर्षे रुजू तारखेपासून मोजत नाहीत, प्रशिक्षित झाल्यापासून मोजतात. इथे तारीख चुकवून केलेला प्रस्ताव हमखास परत येतो. विनावेतन असाधारण रजा झाली असेल तर ती सेवेत धरली की वगळली याची स्पष्ट नोंद सेवापुस्तकात करून घ्या. आंतरजिल्हा बदलीने सोलापुरात आलेल्यांना एक दिलासा आहे. ज्येष्ठता यादीत तुम्ही खाली गेलात, तरी झालेली सेवा पुसली जात नाही. मात्र जुन्या जिल्ह्याचे सेवापुस्तक पूर्ण पडताळणीसह इकडे आलेले असावे. ते आणायला स्वतः गेल्याशिवाय येत नाही हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्याची मला आजही चीड येते.

गोपनीय अहवाल, म्हणजे वर्षभराच्या कामावर वरिष्ठांनी लिहिलेला शेरा, हा सगळ्यात न सापडणारा कागद. मुख्याध्यापक बदलले, केंद्रप्रमुख निवृत्त झाले, मधल्या दोन वर्षांचा अहवाल कुणी लिहिलाच नाही. लिहिणारा अधिकारी जिवंत आणि जवळपास असेपर्यंतच तो मिळवता येतो. दरवर्षी प्रत मागा, संकोच करू नका.

राखीव प्रवर्गातून नियुक्ती असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. नुसते जात प्रमाणपत्र जोडून "वैधता प्रक्रियेत आहे" असे लिहिलेले प्रस्ताव थांबतातच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मराठी-हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण असल्याचा किंवा सूट मिळाल्याचा आदेश आणि संगणक अर्हतेचा पुरावाही लागतो. दहावीला ते विषय होते म्हणून सूट आपोआप लागत नाही. सूट मिळाल्याची नोंद सेवापुस्तकात हवी.

निवडश्रेणीचे आणखी दोन पेच. एक म्हणजे सेवेत असताना शैक्षणिक अर्हता वाढवलेली असणे. पदवी घेतलेली असते, पण ती घेण्यासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी घेतल्याचा आदेश नसतो. जुन्या काळी मुक्त विद्यापीठातून एम. ए. केलेल्या कितीतरी जणांनी तोंडी सांगून परीक्षा दिल्या. अशांनी निदान रजेचे अर्ज, परीक्षेची प्रवेशपत्रे आणि सेवापुस्तकातली अर्हतावाढीची नोंद गोळा करावी. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले, त्याआधीची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. पडताळणीचे पत्र तिकडे जाते, म्हणून तात्पुरत्या प्रमाणपत्रावर न थांबता मूळ पदवी प्रमाणपत्र काढून ठेवा. दुसरा पेच म्हणजे २० टक्क्यांची मर्यादा, म्हणजे वरिष्ठ श्रेणीतल्या पदांपैकी तेवढ्यांनाच निवडश्रेणी मिळते. २४ वर्षे, पदवी आणि प्रशिक्षण तिन्ही असूनही जागा नसेल तर थांबावे लागते. त्या वेळी ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक बरोबर आहे का, एवढे तरी बघून हरकत मुदतीत नोंदवा.

मुदत वाचताना प्रसिद्धिपत्रकातल्या दोन तारखा वेगळ्या करून बघा. नोंदणीची शेवटची तारीख एक असते आणि १२ किंवा २४ वर्षे ज्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायला हवीत ती दुसरी. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोत बहुधा पहिलीच दिसते.

प्रस्ताव देताना दोन प्रती करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. मंजुरीचा आदेश आल्यावर लाभाची तारीख वाचा, वेतननिश्चिती सेवापुस्तकात चढली का ते बघा आणि तिची पडताळणी करून घ्या. एका शिक्षकाच्या आदेशात २०१९ ऐवजी २०२१ असे पडले होते. ते कळले निवृत्तीला आठ महिने उरले असताना, पेन्शनची कागदपत्रे करताना.