‘हाताची सवय लागेल’ म्हणे!

ठाण्यात नौपाड्यातली आजी असो की घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावरची शेजारीण, बाळंतिणीला सल्ला एकच : “सारखं घेऊ नकोस गं, हाताची सवय लागेल.”

पहिल्या तीन-चार महिन्यांत असं काही होत नाही. तान्हं बाळ डाव टाकत नाही. भूक, ओलं लंगोट, थकवा किंवा नुसती जवळ असण्याची गरज, हे सांगायला त्याच्याकडे रडणं एवढंच आहे. रडणं साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोहोचतं. नेमकी तेव्हाच माहेरची माणसं परतलेली असतात आणि दोष जातो कडेवर घेण्याला!

१९८६ साली मॉन्ट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार या संशोधकांनी काही आयांना बाळाला रोज जास्त वेळ अंगावर घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती बाळं अभ्यासातल्या इतर बाळांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. पुढे लंडनमधल्या अभ्यासात एवढा फायदा दिसला नाही, हेही खरं. पण घेतल्यामुळे रडणं वाढलं, असं दोन्हीकडे आढळलं नाही.

हात भरून येतात, हे मात्र शंभर टक्के खरं. मग बाबांनी घ्यावं. त्यांच्या छातीवरही बाळ तितकंच शांत झोपतं. आणि फारच वैताग आला, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं गॅलरीत उभं राहिलं तरी चालतं.