गाडी धुण्याआधी मळ ओळखा

पेरणीच्या दिवसांत पांदण रस्त्याने वावरात जाऊन आलेली मोटारसायकल आणि उन्हाळ्यात डांबरी रस्त्याची धूळ बसलेली मोटारसायकल, दोन्ही आपण एकाच बादलीत, एकाच पावडरने धुतो. आमचं वॉशिंग सेंटर अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, ऐन खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात आहे. इथला मळ वेगळा, इथलं पाणीही वेगळं. म्हणून गाडी तुम्ही घरी धुवा की आमच्याकडे आणा, पुढचं एकदा वाचून घ्या.

काळा गारा

आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसून दगडासारखी होते. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गारा भरून चाक जाम झालं, तर स्क्रू ड्रायव्हरने किंवा खुरप्याने खरडू नका. खरडलं की आधी रंग निघतो आणि मग तिथूनच गंज धरतो. बारदाना पाण्यात भिजवून गाऱ्यावर टाका आणि पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. मग साध्या पाण्याने गारा आपसूक सुटतो. साबण त्यानंतर. माती अंगावर असताना फडकं फिरवलं, तर तेच पॉलिश पेपरचं काम करतं आणि टाकीवर बारीक गोल चरे पडतात.

इंजिनच्या फिनमध्ये अडकलेला गारा मात्र लगेच काढा. हवेवर थंड होणारं इंजिन या पात्यांमधूनच उष्णता बाहेर टाकतं. त्या बुजल्या की इंजिनला गोधडी पांघरल्यासारखं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो हे वेगळं सांगायला नको. गाडी पूर्ण थंड झाल्यावर जुन्या टूथब्रशने पात्या मोकळ्या करा.

खत आणि फवारणीचा पंप

या दोन गोष्टींकडे गावात सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

युरिया हवेतलं पाणी ओढतो. पोटॅश तर एक प्रकारचं मीठच आहे. कॅरियरवरून खताचं पोतं आणताना दाणे सांडतात ते चेन कव्हरच्या कडेला, रिमच्या स्पोकच्या मुळाशी आणि सीटखालच्या पत्र्यावर जाऊन बसतात. पहिला पाऊस पडला की तिथे गंज सुरू होतो. पोतं उतरवलं की त्याच संध्याकाळी कोरड्या ब्रशने दाणे झटका आणि भरपूर पाणी मारा. नुसतं ओलं फडकं फिरवलं, तर खत विरघळून सांध्यांत उतरतं.

फवारणीचा पंप गळून टाकीवर किंवा सीटवर औषध सांडलं असेल, तर तो साधा मळ समजू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. हातात रबरी मोजे घाला आणि भरपूर साबणाच्या पाण्याने धुवा. ते फडकं घरात परत वापरू नका, आणि सीट धुतल्याशिवाय लेकरांना गाडीवर बसवू नका. ते पाणी विहिरीकडे, नाल्याकडे किंवा ढोरांच्या टाक्याकडे जाऊ देऊ नका.

साबण कोणता

कपड्यांची पावडर नको. त्यातला सोडा रंगावरचं मेण काढून टाकतो आणि काही महिन्यांत टाकी फिकी दिसायला लागते. गाड्यांचा शाम्पू मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर केसांच्या शाम्पूचं एक पाऊच बादलीभर पाण्यात पुरतं. महागडं काही घ्यायची गरज नाही. काथ्या आणि तारेची घासणी गाडीपासून लांब ठेवा. जुनं सुती बनियन चांगलं, पण ते जमिनीवर पडलं की धुतल्याशिवाय परत वापरू नका.

संडास साफ करायचं ॲसिड अलॉय चाकाला कधीही लावू नका. सुरुवातीच्या काळात आमच्याच हातून एका ग्राहकाच्या चाकाला ते लागलं. चाक पांढरं झालं, डाग कायमचे राहिले आणि भरपाई आम्हाला द्यावी लागली. तेव्हापासून ती बाटली आमच्या दुकानात नाही. डिझेल मारून चमक आणण्याचा आग्रहही धरू नका, आम्ही ते करत नाही. डिझेलने रबर फुगतं, धूळ दुप्पट चिकटते, आणि ब्रेकवर उडालं तर गाडी थांबत नाही.

पाणी

बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुवायला हरकत नाही. नुकसान होतं ते पाणी गाडीवर वाळू दिल्याने. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतो. म्हणून सावलीत किंवा सकाळी धुवा, शेवटची एक बादली नळाच्या गोड्या पाण्याची मारा आणि लगेच कोरडं पुसा.

प्रेशरचा पाइप चाकाचे बेअरिंग, हँडलचे स्विच, एअर फिल्टर आणि वायरचे कनेक्टर यांवर सरळ धरू नका. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या गेलेल्या बीएस-6 (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांत सेन्सर आणि कनेक्टर जास्त आहेत. पाणी शिरलं की दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होत नाही आणि दोष बॅटरीला दिला जातो. धुण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी बांधा, आणि चालू करण्याआधी ती आठवणीने सोडा. चिखलदऱ्याचा घाट उतरून आलेल्या गाडीच्या तापलेल्या डिस्कवर थंड पाणी टाकू नका. डिस्क वाकडी होऊ शकते.

चेन

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, आपण बैलाचा खांदा हळद-तुपाने शेकतो. वर्षभर ओझं त्या खांद्यानेच ओढलेलं असतं. मोटारसायकलचं ओझं चेन ओढते, आणि धुताना बहुतेक जण तिला विसरतात.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चालू इंजिनवर, गिअर टाकून चेन पुसू नका. फडकं ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटं जातात. चाक हाताने फिरवत ब्रश घासलेटमध्ये बुडवून चेन साफ करा. पेट्रोल वापरू नका. त्याने आग लागण्याचा धोका आहेच, शिवाय ओ-रिंगच्या चेनमधलं रबर खराब होतं. चेन कोरडी करा आणि आतल्या बाजूने 90 नंबरचं गिअर ऑइल थेंब-थेंब सोडा. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल लावू नका, त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. वरचं जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर पांदणीची सगळी धूळ चेन गोळा करेल.

धुऊन झाल्यावर

पॉलिश टाकीला चालेल, पण सीट, फूटरेस्ट आणि टायरला लावू नका, घसरायला होतं. मॅट रंगावर मेणाचं पॉलिश नको. ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेलेलं असतं, म्हणून निघाल्यावर मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक हलका दाबून बघा, तो पकडायला लागला की मग वेग घ्या.

आमच्याकडे गाडी आणाल तेव्हा खत वाहिलं होतं का, पंप गळला होता का, एवढं आधी सांगा. त्या गाड्या आम्ही वेगळ्या जागी धुतो. गाडी तापलेली असेल तर अर्धा तास थांबावं लागेल. तोवर सावलीत बसा, माठातलं पाणी आहे.