बहिणीचा राग आणि त्याची शिक्षा

मे १८६८. बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेचे टॉमस नाइल्स अमेरिकन लेखिका लुइसा मे ऑल्कटच्या मागे लागले होते, मुलींसाठी एखादं पुस्तक लिहून द्या म्हणून. लुइसाला त्यात काडीचा रस नव्हता. आपल्याला मुली कधी आवडल्या नाहीत, आणि आपल्या बहिणी सोडल्या तर फारशा मुली ओळखीच्याही नाहीत, असं तिने त्या महिन्यात डायरीत लिहून ठेवलं आणि कुरकुरत कामाला बसली. जे ठाऊक होतं तेच लिहायचं, तर बहिणींविषयीच लिहिणं आलं. ३० सप्टेंबरला ‘लिटल वीमेन’चा पहिला भाग बाजारात आला. छापलेल्या दोन हजार प्रती भराभर खपल्या आणि पुढच्याच वर्षी दुसरा भाग काढावा लागला.

बहिणीबहिणींच्या रुसव्याफुगव्यांवर आज मुलांसाठी जे लिहिलं जातं, त्याचं मूळ याच पुस्तकात दाखवायची पद्धत आहे. ते बरंचसं खरंही आहे. पण गोष्टीतल्या बहिणी त्याआधीही भांडत होत्याच. वेगळं होतं ते भांडणानंतर जे घडायचं ते. या साऱ्या पुस्तकांकडे पाहायचं तर माझ्या मते एकच प्रश्न धरून पाहावं: मुलीला बहिणीचा मनापासून राग आला, तर गोष्ट तिला काय शिक्षा करते?

लोककथेत हा हिशोब रोखठोक असे. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या संग्रहात एका विधवेच्या दोन मुलींची गोष्ट आहे. धाकटी झऱ्यावर एका म्हातारीला प्रेमाने पाणी पाजते, तेव्हा तिच्या तोंडून शब्दागणिक फुलं आणि हिरेमोती पडू लागतात. मग आई थोरलीला मुद्दाम तिकडे धाडते. ती उर्मटपणे बोलते, तिच्या तोंडून साप आणि बेडूक पडतात आणि शेवटी ती रानात एकटी मरते. धाकटीला राजपुत्र मिळतो. याच संग्रहातली सिंड्रेला आपल्या सावत्र बहिणींना उदारपणे क्षमा करते, पण पुढे ग्रिम बंधूंनी आपल्या आवृत्तीत त्याच बहिणींचे डोळे कबुतरांकडून फोडून घेतले. या गोष्टींमध्ये बहीण हे माणूस नसतंच, ती तराजूची एक बाजू असते. थोरलीला आईने काय शिकवलं होतं, धाकटीला सगळं मिळताना पाहून तिच्या मनात काय झालं, हे विचारायची सोय नाही.

आपल्याकडे महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता आहेत. दोघी दक्षाच्या मुली आणि दोघी कश्यपाच्या बायका. उच्चैःश्रवा घोड्याची शेपटी पांढरी की काळी यावर पैज लागते आणि हरेल तिने दासी व्हायचं ठरतं. कद्रू आपल्या सर्पपुत्रांना शेपटीला वेटोळी घालून ती काळी करायला सांगते. जे ऐकत नाहीत त्यांना ती शाप देते, आणि तो शाप जनमेजयाच्या सर्पसत्रात फळतो. विनतेला दास्यातून सोडवायला गरुडाला स्वर्गातून अमृत आणावं लागतं. बहिणींच्या हेव्याची याहून मोठी किंमत कुठल्या कथेत मोजली गेली असेल असं वाटत नाही, आणि ती मोजली मुलांनी. पण मुलांना सांगताना ही गोष्ट गरुडाच्या पराक्रमाची होऊन जाते. बहिणी कोपऱ्यात जातात. भाद्रपदात येणाऱ्या ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी तर शेजारी शेजारी उभ्या राहून जेवून जातात, त्यांच्यात कुरबुर झाल्याचं कोणी सांगत नाही.

ऑल्कटने केलं ते इतकंच, की राग चांगल्या मुलीच्या पोटात घातला. पुस्तकात मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या चार बहिणी आहेत. आठव्या प्रकरणात ज्यो आणि मेग शेजारच्या लॉरीबरोबर नाटकाला निघतात. धाकट्या ॲमीला यायचं असतं आणि ज्यो तिला तोडून टाकते. ‘तुला याचा पश्चात्ताप होईल’ असं बजावून ॲमी घरी राहते आणि ज्योने कष्टाने लिहिलेल्या परीकथांची वही चुलीत घालते. जन्मात क्षमा करणार नाही, असं ज्यो म्हणते. ॲमी माफी मागते, तरी ज्यो वितळत नाही. दुसऱ्या दिवशी नदीवर स्केटिंग करताना मधला बर्फ पातळ आहे असं लॉरी ओरडून सांगतो. ज्योला ते ऐकू येतं, मागून येणाऱ्या ॲमीला येत नाही. ज्यो गप्प राहते. बर्फ फुटतो आणि ॲमी पाण्यात जाते.

हे गप्प राहणं मुलांच्या पुस्तकात येणं ही मोठीच गोष्ट होती. वाचणारी मुलगी ज्योच्या बाजूची असते. वही जळल्यावर तीही संतापलेली असते, म्हणून त्या क्षणी बर्फावर तीही गप्प राहिलेली असते. ॲमी वाचते, पण शिक्षा टळत नाही. ज्योला हादरवून सोडण्यापुरती ती येऊन जाते. त्या रात्री आई तिला जवळ घेऊन सांगते की मलाही जवळजवळ रोज राग येतो, चाळीस वर्षं मी त्याच्याशी झुंजते आहे. राग हा दुष्ट मुलीचा गुण नाही, तो वारशाने येतो आणि आयुष्यभर पुरतो, असं मुलींच्या पुस्तकातल्या आदर्श आईने कबूल करणं त्या काळात सोपं नव्हतं. पुढे ती राग गिळायलाच शिकवते हे खरं. आजच्या वाचकांना ते खटकतं, आणि खटकावंच.

हिशोब तिथे मिटतही नाही. दुसऱ्या भागात युरोपला जायचं ज्योचं जुनं स्वप्न असतं, पण मावशीमंडळींसमोर ती फटकळ बोलते, ॲमी गोड बोलते, आणि प्रवासाला ॲमीची निवड होते. पुढे लॉरीशी लग्नही तिचंच होतं. ॲमीचा राग येणारे वाचक जगभर आहेत. आपण चौघींपैकी कोण, हा खेळ निघाला की ॲमी व्हायला सहसा कोणी तयार नसतं. मला तिची बाजू घ्यावीशी वाटते. चार बहिणींत शेवटची असणं म्हणजे प्रत्येक गोष्ट उशिरा आणि वापरलेली मिळणं. खारवलेल्या लिंबांसाठी शाळेत छड्या खाणाऱ्या त्या मुलीला घरात कोणी फारसं गंभीरपणे घेत नाही, आणि ऑल्कटनेही तिला विनोदासाठी बऱ्यापैकी वापरून घेतलं आहे.

खऱ्या ॲमीचं नाव मे. चौघी ऑल्कट बहिणींतली ॲना म्हणजे मेग, लुइसा स्वतः ज्यो, १८५८ मध्ये गेलेली एलिझाबेथ म्हणजे बेथ. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं मेनेच काढली होती, आणि त्यांवर टीकाकारांनी नाकं मुरडली होती. पण बहिणीने तिचा हात सोडला नाही. पुस्तकांच्या कमाईतून लुइसाने तिला युरोपात चित्रकला शिकायला पाठवलं आणि १८७७ मध्ये मेचं एक स्थिरचित्र पॅरिसच्या सलाँ या मानाच्या चित्रप्रदर्शनात लागलं. डिसेंबर १८७९ मध्ये बाळंतपणानंतर मे गेली. मुलीचं नाव तिने लुइसा ठेवलं होतं, आणि ती मुलगी पुढे मावशीने सांभाळली. कादंबरीत जिने बहिणीची वही जाळली, तिच्याविषयी हे वाचलं की ते आठवं प्रकरण पुन्हा काढून बघावंसं वाटतं.

मराठीत हे पुस्तक शान्ता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने आणलं. भाषांतरित मुलींची कादंबरी म्हणून नव्हे, घरातलं पुस्तक म्हणून ते वाचलं गेलं. एकाच खोलीत झोपणाऱ्या, एकमेकींचे कपडे घालणाऱ्या आणि त्यावरून भांडणाऱ्या बहिणींना मॅसॅच्युसेट्सचा बर्फ समजावून द्यावा लागत नव्हता.

ऑल्कटनंतरची पन्नास-साठ वर्षं बहिणीला ढकललं की अंगावर काहीतरी कोसळतंच. सुझन कूलिजच्या १८७२ च्या ‘व्हॉट केटी डिड’मध्ये केटी सकाळी चिडून धाकट्या एल्सीला ढकलून देते, त्याच दिवशी मनाई असलेल्या झोपाळ्यावर बसते आणि पाठीच्या दुखापतीने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळते. शहाणी झाल्यावरच ती उठते. हा धडा मला आज अघोरी वाटतो. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या १९३२ च्या ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’मध्ये शिक्षा बरीच घरगुती आहे. सोनेरी केस तपकिरी केसांपेक्षा सुंदर असतात, असं थोरली मेरी म्हणते. लॉराचे केस तपकिरी. लॉरा तिच्या थोबाडीत मारते. बाबा पट्टा काढतात आणि लॉराला मार बसतो. पण नंतर तिला मांडीवर घेऊन ते म्हणतात, माझेही केस तपकिरीच आहेत की. लॉराला याचा विचार सुचलाच नव्हता. आणि लाकडाच्या ढलप्या गोळा करायचं सगळं काम त्या दिवशी मेरीला एकटीला करावं लागलं, याचा छोटासा आनंदही लेखिकेने लपवलेला नाही. शिक्षा झाली, पण न्याय कोणाचा झाला हे मुलांना बरोबर कळतं.

पुढची पायरी पुस्तकांच्या बाहेरून आली. भावंडांमधला हेवा हा अभ्यासाचा विषय होऊ लागला होता. अमेरिकन बालमानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी मुलांना बाहुल्या देऊन, तान्ह्या भावंडाच्या बाहुलीचं ती काय करतात हे पाहिलं आणि १९३७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १९४६ मध्ये डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक निघालं आणि घराघरात पोहोचलं. मुलांना भावंडाचा मत्सर वाटणारच, त्यासाठी त्यांना वाईट ठरवू नका, हे आता डॉक्टरच सांगत होते. मुलांच्या कथांना हे उमगायला आणखी नऊ वर्षं लागली.

बेव्हर्ली क्लिअरी ओरेगन राज्यात वाढली, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावच्या ग्रंथालयात मुलांच्या विभागात काम करत होती, आणि स्वतः एकुलती एक होती. १९५० मध्ये ‘हेन्री हगिन्स’ हे पहिलं पुस्तक लिहिताना तिच्या लक्षात आलं की आपल्या गोष्टीतल्या कोणाही पोराला भावंडच नाही. म्हणून बीझस नावाच्या मुलीला तिने एक लहान बहीण देऊन टाकली. नाव हवं होतं, तेवढ्यात शेजारून कोणीतरी ‘रमोना’ अशी हाक मारताना ऐकू आलं. बालसाहित्यातली सर्वांत गाजलेली धाकटी बहीण अशी जागा भरायला म्हणून आली.

१९५५ च्या ‘बीझस अँड रमोना’मध्ये बीझस नऊ वर्षांची आणि रमोना चार. दोघी पोर्टलंडच्या क्लिकिटॅट स्ट्रीटवर राहतात, आणि तो रस्ता खराच आहे. रमोना तळघरातल्या पेटीतल्या सफरचंदांचा एक एक घास घेऊन ती टाकून देते, कारण पहिला घास सर्वांत चांगला लागतो. ग्रंथालयाचं पुस्तक आपलंच व्हावं म्हणून त्यात रंगीत रेघोट्या ओढते. बीझसच्या दहाव्या वाढदिवसाच्या केकमध्ये सगळी अंडी टरफलांसकट घालते, आणि दुसरा केक भट्टीत असताना आपली रबरी बाहुली आत टाकून तोही घालवते. चेटकिणीला भट्टीत ढकलणाऱ्या हान्सेल आणि ग्रेटेलचा खेळ चाललेला असतो ना.

त्या संध्याकाळी जेवताना बीझसच्या तोंडून निघून जातं की कधी कधी मला रमोना आवडतच नाही. टेबलावर शांतता होईल, आई डोळे वटारेल, असं तिला वाटतं. आई आणि मावशी हसायला लागतात. सारखं प्रेम वाटलंच पाहिजे असं कुठे आहे, असं आई म्हणते, आणि मग त्या दोघी लहानपणी एकमेकींचा कसा छळ करत हे आठवून आठवून सांगतात. बीझस ऐकत राहते. पेरोच्या वेळेपासून चालत आलेली शिक्षा इथे संपली, आणि बर्फ वगैरे काहीही न फुटता संपली. मला हा प्रसंग ज्योच्या प्रसंगाइतकाच मोठा वाटतो, विनोदी असल्यामुळे त्याचं श्रेय मात्र कमी दिलं जातं. १९६८ पासून क्लिअरीने गोष्ट रमोनाच्या डोळ्यांनी सांगायला घेतली, तेव्हा कळलं की त्रास देणाऱ्या धाकटीला आपण त्रास देतोय हे माहीतच नसतं. शेवटचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. चव्वेचाळीस वर्षांत रमोना चारची दहा झाली.

पण सगळ्याच घरांत आई आणि मावशी हसत नाहीत. कॅथरीन पॅटरसनच्या १९८० च्या ‘जेकब हॅव आय लव्ह्ड’मध्ये चेसापीक उपसागरातल्या एका काल्पनिक बेटावर जुळ्या बहिणी आहेत. कॅरोलाइन जन्मतः अशक्त होती, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि पुढेही राहिलं. तिचा गळाही गोड. थोरली लुईस खेकडे पकडून घराला हातभार लावते. बहिणीचा मृत्यू तिच्या स्वप्नात येतो. आजी बायबलमधल्या जुळ्या भावांविषयीचं वचन तिच्या कानात कुजबुजते, ‘याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला’. कॅरोलाइन वाईट मुलगी नाही, हीच पंचाईत. शिक्षा करायला कोणी नाही आणि समेट करून द्यायलाही कोणी नाही. मोठी झालेली लुईस डोंगराळ खेड्यात सुईण होते. एका रात्री जुळी जन्मतात आणि अशक्त बाळाला वाचवण्यात ती गुंतते. मग अचानक दुसऱ्या बाळाची आठवण होते, आणि त्याला कुशीत घ्या असं ती घरच्यांना सांगते. कॅरोलाइनशी तिचं काय झालं, हे पुस्तक गोड करून सांगत नाही. त्याला १९८१ चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं, आणि मुलांच्या पुस्तकात इतका कडवटपणा असावा का, यावर मोठ्यांची मतं वेगळी पडू शकतात. असावा, असं माझं मत.

त्यानंतर नवं घडलं ते मुख्यतः सांगण्याच्या पद्धतीत. जॅकलिन विल्सनच्या १९९५ च्या ‘डबल ॲक्ट’मध्ये रूबी आणि गार्नेट या जुळ्या आळीपाळीने एकाच वहीत लिहितात, आणि दोघींच्या चित्रांसाठी दोन वेगळे चित्रकार आहेत. एकीचं ऐकून न्याय करायची सवय त्यात आपोआप मोडते. रीटा विल्यम्स-गार्सियाच्या २०१० च्या कादंबरीत १९६८ चं ओकलंड आहे, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर चळवळ आहे, आणि अकरा वर्षांची थोरली दोन धाकट्यांची आई होऊन बसली आहे. तिला भांडायलाही उसंत नाही.

आणि मग कॉमिक्स. रेना टेल्गमायरचं ‘सिस्टर्स’ २०१४ मध्ये आलं. तिची स्वतःचीच गोष्ट आहे. लहानपणी बहीण हवी म्हणून हट्ट केला आणि मिळाली ती अमारा. ती रडायची, आणि मोठी झाल्यावर तिला खेळायला रेनाची गरजच नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोहून कोलोरॅडोला व्हॅनने केलेल्या प्रवासात दोघी मागच्या सीटवर डिवचत, चिडवत बसतात. परतीच्या वाटेवर गाडी बंद पडते, आई मदत आणायला जाते आणि दोघी गाडीत राहतात. तिथे प्रथमच त्या एकमेकींशी धड बोलतात, आणि विषय निघतो तो आईबाबांचं काय बिनसलंय हा.